अभिरूप संकटांची प्रयोगशाळा : विद्यापीठांतील संकट व्यवस्थापनाचे संशोधन आणि प्रशिक्षण

विमानाचे अपहरण, सीमेवरील चकमक, महापूर, चक्रीवादळ किंवा कारखान्यातील विषारी वायूची गळती अशा प्रसंगी निर्णय घेणाऱ्यांच्या हाती वेळ थोडा असतो आणि माहिती अपुरी असते. एकदा झालेली चूक दुरुस्त करण्याची संधी बहुधा मिळत नाही. अशा प्रसंगांची प्रतिकृती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभी करून त्यात माणसे निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करण्याची, तसेच अधिकाऱ्यांना व विद्यार्थ्यांना निर्णयाचा सराव देण्याची पद्धत गेल्या सहा-सात दशकांत विकसित झाली आहे. इंग्रजीतील ‘सिम्युलेशन’ या शब्दासाठी मराठीत ‘अभिरूप’ हा शब्द रूढ आहे. विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालय आणि विद्यार्थ्यांची अभिरूप संसद आपल्या परिचयाची आहे. त्याच धर्तीवर या प्रयोगांना ‘अभिरूप संकट’ म्हणता येईल.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाने या क्षेत्रात दीर्घकाळ केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. तेथील एका प्रयोगमालिकेचा विषय थेट भारताशी निगडित होता. या प्रयोगशाळेचे स्वरूप, तिची पूर्वपीठिका, तिने काढलेले निष्कर्ष आणि तिच्या मर्यादा यांचा हा आढावा.

संकट कशाला म्हणावे?

दैनंदिन व्यवहारात आपण कोणत्याही अडचणीला संकट म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र संज्ञा नेमकी असावी लागते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हर्मन यांनी १९६० च्या दशकात संकटाची तीन लक्षणे सांगितली. महत्त्वाच्या उद्दिष्टांना धोका, निर्णयासाठी अपुरा वेळ आणि घटनेतील अनपेक्षितता ही ती लक्षणे होत. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल ब्रेचर यांनी आंतरराष्ट्रीय संकटांचा विचार करताना या व्याख्येत बदल सुचवला. त्यांच्या मते अनपेक्षितता हे संकटाचे आवश्यक लक्षण नाही, कारण अनेक संकटे दिसत असतानाच जवळ येतात. राष्ट्राच्या मूलभूत मूल्यांना धोका आहे, प्रतिसादासाठी मर्यादित वेळ आहे आणि सशस्त्र संघर्षाची शक्यता वाढली आहे, अशी धारणा निर्णयकर्त्यांच्या मनात निर्माण झाली की त्या राष्ट्रासाठी संकट सुरू झाले असे ते मानतात.

येथे ‘धारणा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. धोका प्रत्यक्षात किती आहे यापेक्षा निर्णयकर्त्याला तो किती वाटतो यावर त्याची कृती अवलंबून असते. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटात वॉशिंग्टन आणि मॉस्को येथील नेते एकाच घटनेकडे अगदी भिन्न दृष्टीने पाहत होते. ही धारणा कशी बनते, वेळेच्या दडपणाखाली ती कशी बदलते आणि चुकीची असेल तर कशी सुधारता येते, हे अभिरूप प्रयोगांचे मुख्य अभ्यासविषय आहेत.

पूर्वपीठिका

युद्धाची प्रतिकृती पटावर मांडण्याची कल्पना प्राचीन आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचे आपले चतुरंग हे तिचे उत्तम उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्याने नकाशांवर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाचा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात समावेश केला. नंतर इतर देशांच्या सैन्यांनीही हे तंत्र स्वीकारले.

विद्यापीठीय संशोधनात या तंत्राचा पद्धतशीर उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरॉल्ड गेट्झकॉव यांनी १९५७ पासून ‘आंतरराष्ट्रीय अभिरूप’ प्रयोग विकसित केले. त्यात काल्पनिक राष्ट्रे असत. प्रत्येक राष्ट्राचा प्रमुख, परराष्ट्र व्यवहार पाहणारा सहकारी अशा भूमिका विद्यार्थी किंवा इतर सहभागी वठवत. शस्त्रास्त्रांवर किती खर्च करावा, नागरिकांच्या गरजांसाठी किती राखावे आणि कोणाशी मैत्री करावी याचे निर्णय ते फेरीफेरीने घेत. याच काळात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लिंकन ब्लूमफील्ड यांनी अनुभवी अधिकारी व तज्ज्ञ यांना सहभागी करून राजकीय कवायती घेतल्या.

याच परंपरेतील एक धाडसी प्रयोग चार्ल्स व मार्गारेट हर्मन या दांपत्याने केला. १९१४ साली पहिले महायुद्ध ज्या परिस्थितीत पेटले, ती परिस्थिती त्यांनी प्रयोगशाळेत उभी केली. सहभागींना इतिहास ओळखता येऊ नये म्हणून देशांची नावे बदलण्यात आली. ज्यांचा स्वभाव त्या काळातील नेत्यांशी काही अंशी जुळतो अशा व्यक्ती भूमिकांसाठी निवडण्यात आल्या. हा प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाला. परिस्थिती तीच असेल आणि माणसेही त्याच स्वभावाची असतील, तर घटना त्याच वळणाने जातील काय, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकातून सोडवता येत नाही. प्रयोगशाळेत तो निदान विचारता येतो.

मेरीलँडची प्रयोगशाळा

मेरीलँड विद्यापीठाचे मुख्य संकुल वॉशिंग्टनजवळ कॉलेज पार्क येथे आहे. तेथील राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोनाथन विल्केनफेल्ड यांनी ब्रेचर यांच्यासमवेत १९७५ पासून आंतरराष्ट्रीय संकटांचा माहितीसंग्रह तयार करण्याचे काम हाती घेतले. पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या साडेचारशेहून अधिक संकटांची पद्धतशीर नोंद या संग्रहात आहे. संकट कशामुळे सुरू झाले, किती काळ चालले, हिंसा किती झाली, मध्यस्थी कोणी केली आणि शेवट कसा झाला, अशा अनेक बाबी त्यात नमूद केलेल्या आहेत. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील संकटांनाही या संग्रहात स्थान आहे.

या संग्रहाला जोड म्हणून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मेरीलँड येथे ‘आयकॉन्स’ या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प उभा राहिला. आंतरराष्ट्रीय संपर्क आणि वाटाघाटी यांचे अभिरूप असा त्या नावाचा आशय आहे. त्याची मूळ प्रेरणा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा संकुलात रॉबर्ट नोएल यांनी १९७० च्या दशकात केलेल्या संगणकाधारित प्रयोगांत होती. महाजाल सर्वसामान्यांच्या परिचयाचे होण्याच्या कितीतरी आधी निरनिराळ्या विद्यापीठांतील विद्यार्थी या प्रकल्पात संगणकाद्वारे परस्परांशी वाटाघाटी करत होते. प्रारंभीच्या काळात भाषेचे अध्यापनही त्याला जोडलेले होते. एखाद्या देशाची भूमिका करणारा संघ त्या देशाच्या भाषेत संदेश पाठवी आणि भाषांचे विद्यार्थी त्याचे भाषांतर करत. भाषांतरातील बारकावे वाटाघाटीला कसे वळण देतात, याचाही अनुभव त्यातून मिळत असे.

एका अभिरूप संकटाची रचना साधारणपणे तीन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात सहभागींना प्रसंगाची लेखी माहिती देण्यात येते. आपण कोणत्या देशाचे किंवा संस्थेचे प्रतिनिधी आहोत, आपली उद्दिष्टे कोणती, कोणत्या गोष्टींवर तडजोड शक्य आहे आणि कोणत्या बाबतीत नाही, याचा अभ्यास त्यांनी करायचा असतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष देवाणघेवाण होते. सहभागी वेगवेगळ्या खोल्यांत किंवा वेगवेगळ्या शहरांत बसलेले असतात. परस्परांची ओळख केवळ देशाच्या नावाने असते. समोरची व्यक्ती कोण आहे, तिचे वय काय, ती ज्येष्ठ की कनिष्ठ, हे कळत नाही. त्यामुळे व्यक्तिगत ओळखीचा प्रभाव निर्णयावर पडत नाही. प्रयोगाचे नियंत्रक संदेशांवर लक्ष ठेवतात, वास्तवाशी विसंगत हालचालींना आळा घालतात आणि गरजेप्रमाणे नवी घडामोड प्रसंगात सोडतात. तिसरा टप्पा प्रयोगोत्तर चर्चेचा असतो. त्याविषयी पुढे अधिक विस्ताराने येईल.

या सर्व काळात पाठवलेला प्रत्येक संदेश त्याच्या वेळेसह नोंदला जातो. खऱ्या संकटात अशी संपूर्ण नोंद क्वचितच उपलब्ध असते. बंद दाराआड झालेल्या चर्चेचे तपशील अनेक दशके गोपनीय राहतात आणि संबंधितांच्या आठवणी काळानुसार बदलतात. प्रयोगशाळेत निर्णयाची वाटचाल पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत पाहता येते.

अपहरणाचा प्रयोग

१९९० च्या दशकात विल्केनफेल्ड यांनी संगणकशास्त्रज्ञ सारित क्राउस आणि इतर सहकाऱ्यांसमवेत ओलीस संकटाचे अभिरूप तयार केले. त्याचे कथानक पूर्णतः काल्पनिक होते. युरोपातून पाकिस्तानकडे निघालेल्या पाकिस्तानी प्रवासी विमानाचे शीख फुटीरतावादी अपहरण करतात आणि ते पश्चिम भारतातील एका विमानतळावर उतरते. बहुसंख्य प्रवासी पाकिस्तानी आहेत. भारताच्या तुरुंगांतील आपल्या साथीदारांची सुटका करावी, अशी अपहरणकर्त्यांची मागणी आहे. भारत, पाकिस्तान आणि अपहरणकर्ते अशा तीन भूमिका सहभागींना देण्यात आल्या.

या मांडणीत मोठे कौशल्य आहे. प्रवासी एका देशाचे, भूमी दुसऱ्या देशाची आणि मागणी त्या दुसऱ्या देशाच्या सरकारकडे. साहजिकच तिघांचे हितसंबंध वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात. सैनिकी कारवाई, बंद्यांच्या मोबदल्यात ओलिसांची सुटका, अपहरणकर्त्यांना सुरक्षित वाट, त्यांची शरणागती किंवा विमानाचा विध्वंस असे अनेक शेवट शक्य असतात. प्रत्येक शेवटाचे मूल्य तिन्ही पक्षांसाठी वेगळे ठरवलेले होते. वेळेचा परिणामही सर्वांवर सारखा नव्हता. प्रसिद्धीचा हव्यास असलेल्या अपहरणकर्त्यांना विलंब लाभदायक ठरतो, तर ज्यांचे नागरिक ओलीस आहेत त्यांच्यासाठी प्रत्येक तास नुकसानीचा असतो.

काही सहभागींना निर्णयासाठी साहाय्य करणारी संगणक प्रणाली देण्यात आली, तर काहींना ती देण्यात आली नाही. अमुक पर्याय निवडल्यास आपल्याला व इतरांना काय मिळेल, हे त्या प्रणालीच्या मदतीने पडताळून पाहता येत असे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रणाली वापरणारे सहभागी आपल्या उद्दिष्टांचा विचार अधिक स्पष्टपणे करत होते आणि त्यांना मिळालेले फलही अधिक चांगले होते. यंत्राने त्यांच्या वतीने निर्णय घेतला नाही. पर्याय समोर मांडून ठेवल्यामुळे घाईत एखाद्याच पर्यायाला चिकटून राहण्याची प्रवृत्ती कमी झाली, असा त्याचा अर्थ लावता येतो.

त्यानंतर चार वर्षांनी, २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे येणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी ८१४ या विमानाचे अपहरण झाले. विमान अमृतसर येथे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ उभे होते. ते रोखण्याचा निर्णय वेळेत अमलात येऊ शकला नाही. लाहोर आणि दुबईमार्गे ते कंदाहारला नेण्यात आले. अपहरणकर्त्यांनी एका प्रवाशाची हत्या केली. अखेर ३१ डिसेंबर रोजी भारताच्या तुरुंगांतील तीन दहशतवाद्यांच्या मोबदल्यात ओलिसांची सुटका झाली.

मेरीलँडच्या प्रयोगाने या घटनेचे भाकीत केले होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. कथानक वेगळे होते, अपहरणकर्ते वेगळे होते आणि अशा प्रयोगांचा तो उद्देशही नसतो. मात्र विमान ज्याच्या भूमीवर उभे आहे त्याच्या हाती असलेली थोडीशी मुदत, एकमेकांशी बोलणे अवघड असलेली सरकारे आणि विलंबाची असमान किंमत हे जे प्रश्न प्रयोगशाळेत मांडले गेले होते, तेच त्या आठ दिवसांत भारतापुढे उभे राहिले. पुढे २००५ साली केंद्र सरकारने अपहरणविरोधी धोरण ठरवले आणि २०१६ साली अपहरणविरोधी नवा कायदा संसदेत संमत झाला. आणीबाणीच्या क्षणी कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, ही जाणीव या धोरणामागे होती.

मध्यस्थ कसा असावा?

मेरीलँड येथील दुसरी महत्त्वाची प्रयोगमालिका मध्यस्थीविषयी होती. तिच्यासाठी दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर आणि पेरू यांच्यात १९८१ साली कॉन्डोर पर्वतराजीतील सीमेवरून उद्भवलेले संकट निवडण्यात आले. काही गटांना मध्यस्थ दिला गेला नाही. काही गटांतील मध्यस्थ केवळ निरोपांची देवाणघेवाण आणि चर्चा सुकर करत होता. तर काही गटांतील मध्यस्थाला स्वतःचे प्रस्ताव मांडण्याची, आमिष दाखवण्याची आणि दबाव आणण्याची मुभा होती.

प्रयोगांतून हाती आलेली माहिती आणि संकटांच्या माहितीसंग्रहातील ऐतिहासिक नोंदी यांची सांगड घालून विल्केनफेल्ड, कॅथलीन यंग, डेव्हिड क्विन व व्हिक्टर आसल या संशोधकांनी निष्कर्ष काढले. मध्यस्थी एकंदरीत हितकारक ठरते, असे त्यांना आढळले. दबाव आणणारा मध्यस्थ तात्कालिक संकट शमवण्यात आणि करार घडवून आणण्यात अधिक प्रभावी असतो. तणाव दीर्घकाळ कमी राहण्याच्या दृष्टीने मात्र चर्चा सुकर करणारी सौम्य शैली अधिक उपयोगी दिसते. यासाठी दोन्ही शैलींचा समतोल साधावा, अशी त्यांची शिफारस होती.

इक्वेडोर-पेरू वादाचा पुढील इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९८१ चे संकट शमले, पण वाद मिटला नाही. १९९५ साली सेनेपा खोऱ्यात दोन्ही देशांमध्ये पुन्हा युद्ध झाले. अंतिम शांतता करार १९९८ साली ब्राझिलियात झाला. संकट शांत होणे आणि त्याचे मूळ कारण दूर होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

पोलिसांचा बिनतारी कक्ष

अभिरूप संकटांचा उपयोग केवळ मुत्सद्देगिरीपुरता नाही. नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींच्या अभ्यासातही तो करण्यात आला. ओहायो राज्य विद्यापीठात १९६३ साली एन्रिको क्वारांटेली, रसेल डाइन्स आणि यूजीन हास या समाजशास्त्रज्ञांनी आपत्ती संशोधन केंद्राची स्थापना केली. १९८५ पासून हे केंद्र डेलावेअर विद्यापीठात आहे. आपत्ती घडताच संशोधकांचे पथक घटनास्थळी पाठवायचे, ही त्याची मुख्य कार्यपद्धती. मार्च १९६४ मध्ये अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा केंद्राचे संशोधक तेथे पोहोचले होते.

परंतु घटनास्थळी जाणारा संशोधक नेहमी घटनेनंतर पोहोचतो. त्याआधी तीच यंत्रणा शांततेच्या दिवसांत कशी काम करत होती, याची तुलनायोग्य नोंद त्याच्याकडे नसते. ही उणीव दूर करण्यासाठी थॉमस ड्राबेक आणि हास यांनी शहर पोलिसांच्या संपर्क कक्षाची प्रतिकृती प्रयोगशाळेत उभारली. तेथे विद्यार्थ्यांऐवजी प्रत्यक्ष त्या कामावर असलेले पोलीस कर्मचारी बसवण्यात आले. नागरिकांची भूमिका करणारे लोक त्यांना दूरध्वनी करत. आधी नेहमीच्या दिवसासारखे कामकाज झाले आणि नंतर विमान दुर्घटनेच्या काल्पनिक प्रसंगाने दूरध्वनींचा ओघ एकदम वाढवण्यात आला. एकाच चमूचे साधे दिवस आणि आपत्तीचा दिवस यांची त्यामुळे तुलना करता आली.

या दोघांनी मांडलेला पद्धतीविषयक मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. अनोळखी माणसे एकत्र बसवून त्यांना कृत्रिम काम दिल्यास मिळणारे निष्कर्ष खऱ्या संघटनेला लागू पडतीलच असे नाही. एकत्र काम करण्याची सवय असलेला खरा चमू, त्याचे नेहमीचे काम आणि त्याच्या सवयीची जागा यांची जितकी अचूक प्रतिकृती करता येईल, तितका प्रयोग विश्वसनीय ठरतो.

या केंद्राने अनेक वर्षांच्या क्षेत्रीय अभ्यासातून काढलेला एक निष्कर्ष प्रशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा आहे. आपत्तीच्या वेळी संपर्कातील अडचणी केवळ उपकरणे बिघडल्यामुळे उद्भवत नाहीत. कोणी कोणाला काय कळवायचे, आलेल्या माहितीतील खरी कोणती आणि ती कोणापर्यंत पोहोचली पाहिजे, याविषयीच्या गोंधळातून अधिक अडचणी निर्माण होतात. नवा बिनतारी संच खरेदी केल्याने हा गोंधळ दूर होत नाही. तो दूर करण्यासाठी निरनिराळ्या खात्यांच्या लोकांनी एकत्र बसून सराव करावा लागतो.

प्रयोगोत्तर चर्चेचे महत्त्व

संशोधनासाठी केलेला अभिरूप प्रयोग आणि प्रशिक्षणासाठी केलेला अभिरूप प्रयोग यांची मांडणी वरवर सारखी दिसली तरी त्यांचे हेतू भिन्न आहेत. संशोधकाला तोच प्रसंग अनेक गटांसमोर जसाच्या तसा मांडायचा असतो. एखादीच गोष्ट बदलून परिणामातील फरक तो पाहतो. प्रशिक्षकाला मात्र समोरच्या गटाला जे शिकण्याची गरज आहे त्याप्रमाणे प्रसंग वळवावा लागतो.

प्रशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग अभिरूप संकट संपल्यानंतर सुरू होतो. प्रयोगोत्तर चर्चेत सहभागी आपापल्या भूमिकेतून बाहेर पडतात आणि नोंदवलेले संदेश समोर ठेवून घडलेल्या गोष्टींचा क्रम तपासतात. अमुक वाजून अमुक मिनिटांनी आलेला निरोप आपण धमकी का समजलो? पाठवणाऱ्याच्या मनात खरोखर काय होते? ही माहिती आपल्याकडे असताना ती शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला का दिली नाही? अशा प्रश्नांची उत्तरे दोन्ही बाजूंच्या व्यक्ती समोरासमोर देतात. खऱ्या संकटानंतर प्रतिपक्षाच्या निर्णयकर्त्याला असा प्रश्न विचारण्याची संधी जवळपास कधीच मिळत नाही.

दोषारोपाची भीती असेल तर ही चर्चा निष्फळ ठरते. ज्या कार्यालयात वरिष्ठांसमोर चूक मान्य करणे धोक्याचे मानले जाते, तेथे सराव सुरळीत पार पडल्याचा अहवाल तयार होतो आणि प्रत्यक्षातील उणिवा तशाच राहतात. या बाबतीत विद्यापीठाची तटस्थ भूमी उपयोगी पडते. तेथील संशोधकांना कोणत्याही खात्याची प्रतिष्ठा राखायची नसते.

मर्यादा

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. विद्यार्थी मंत्र्याची भूमिका करू शकतो, पण मंत्र्याच्या खांद्यावरील जबाबदारीचे ओझे त्याला जाणवत नाही. प्रयोगशाळेत कोणाचा जीव जात नाही, हे सहभागींना ठाऊक असते. प्रसंग लिहिणाऱ्याच्या मनातील गृहीतके नकळत प्रसंगात उतरतात. त्याने ज्या शक्यतेचा विचारच केला नाही, ती अभिरूप संकटात उद्भवत नाही. प्रयोगातील निष्कर्ष ऐतिहासिक घटनांशी ताडून पाहणे यासाठी आवश्यक ठरते. मेरीलँडच्या संशोधकांनी माहितीसंग्रह आणि प्रयोग यांना एकत्र बांधले, त्याचे कारण हेच होय.

सर्वांत मोठी मर्यादा प्रयोगशाळेबाहेरची आहे. जुलै २००४ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ‘पॅम’ नावाच्या काल्पनिक चक्रीवादळाचा सराव घेण्यात आला. केंद्र, राज्य व स्थानिक पातळीवरील अधिकारी त्यात सहभागी झाले होते आणि लुइझियाना राज्य विद्यापीठातील तज्ज्ञांचे शास्त्रीय साहाय्य त्याला लाभले होते. न्यू ऑर्लिन्स शहराभोवतीच्या बांधांवरून पाणी आत येते, दहा लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागतात, असे त्याचे कथानक होते. सरावातून अनेक उणिवा पुढे आल्या, परंतु त्या दूर करण्याचे काम अपुरे राहिले. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ धडकले. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले. स्वतःचे वाहन नसलेले हजारो नागरिक शहरात अडकून पडले. या वादळात तेराशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. धोका कोणाला कळला नव्हता, असे येथे म्हणता येत नाही. तो कागदावर आला होता. कागदावरून वाहने, इंधन, औषधे आणि मनुष्यबळ यांच्या तजविजीपर्यंत पोहोचण्यास मात्र यंत्रणेला वेळ मिळाला नाही किंवा तिने तो काढला नाही.

भारतातील स्थिती

आपल्या देशात अशा सरावाला ‘रंगीत तालीम’ हा नाट्यसृष्टीतील शब्द वापरला जातो. आपत्ती व्यवस्थापनाची संस्थात्मक चौकट भारतात टप्प्याटप्प्याने उभी राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व धाराशिव जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने हजारोंचे बळी घेतले. त्यानंतर महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाला चालना मिळाली. पुण्यातील ‘यशदा’ म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी येथे या विषयाचे स्वतंत्र केंद्र असून तेथे शासकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात येते. नवी दिल्ली येथे १९९५ साली भारतीय लोकप्रशासन संस्थेत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था त्यातूनच विकसित झाली.

डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर, आणि २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून हाहाकार उडाल्यानंतर, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण त्यानंतर देशभर सराव कवायती घेत आले आहे. घटना प्रतिसाद प्रणालीविषयीची प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली प्रसिद्ध झाली. कोणत्या अधिकाऱ्याने कोणती जबाबदारी पार पाडावी, हे त्यांत स्पष्ट करण्यात आले आहे. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्तीविषयक उच्च शिक्षण उपलब्ध आहे. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्सुनामीचा इशारा देण्याचे काम करते आणि हिंद महासागरातील देशांच्या संयुक्त त्सुनामी सरावांमध्येही भाग घेते. ७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी नागरी संरक्षणाचा व्यापक सराव योजला होता.

सराव आणि अभिरूप प्रयोग यांतील फरक या ठिकाणी ध्यानात घ्यायला हवा. भोंगा वाजणे, इमारत रिकामी करणे, जखमींना रुग्णवाहिकेपर्यंत नेणे या कृतींचा सराव आवश्यकच आहे. त्यातून शरीराला सवय लागते. परंतु परस्परविरोधी निरोप हाती असताना जिल्हाधिकाऱ्याने धरणाचे दरवाजे उघडण्याविषयी काय ठरवावे, शेजारच्या राज्याला केव्हा कळवावे आणि गाव रिकामे करण्याचा आदेश अंदाज चुकण्याच्या शक्यतेसह द्यावा की थांबावे, हे निर्णयाचे प्रश्न आहेत. त्यांचा सराव मैदानावर होत नाही. त्यासाठी एक खोली, काळजीपूर्वक लिहिलेला प्रसंग, प्रत्येक निरोपाची नोंद आणि मोकळी प्रयोगोत्तर चर्चा लागते. खर्चाच्या दृष्टीने हे भारतीय विद्यापीठांच्या आवाक्यातील आहे. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र आणणे आणि जिल्हा प्रशासनाला त्यात नियमितपणे सहभागी करून घेणे, हा खरा प्रयत्नाचा भाग आहे.

नॉर्थवेस्टर्न, ओहायो आणि मेरीलँड येथील अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. अभिरूप संकटाची प्रयोगशाळा पुढील आपत्तीची तारीख सांगू शकत नाही. माणसे दडपणाखाली कोठे चुकतात, हे ती खऱ्या संकटाची किंमत न मोजता दाखवू शकते. मात्र तेथे सापडलेली उणीव नियोजनाच्या कागदावर, अंदाजपत्रकात आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीत दुरुस्त झाली, तरच त्या प्रयोगाचा लाभ नागरिकांपर्यंत पोहोचतो. अशा प्रत्येक सरावानंतर किती उणिवा सापडल्या आणि पुढील सरावापर्यंत त्यांपैकी किती दूर झाल्या, याची नोंद ठेवणे हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरेल.